१५०/९६

गेल्या शनिवारी सोलापूरला घरी गेलो होतो. बाबांना घरच्या घरी बीपी मोजता यावं म्हणून पुण्याहून डिजिटल मशीन नेलं होतं. आता नवीन वस्तू आली की आधी स्वतःवर टेस्ट करायची, हा आमच्या धंद्याचा नियम. पट्टा दंडाला गुंडाळला, बटण दाबलं.

१५०/९६.

मग बाबांचं घेतलं. १२८/८०. म्हटलं, मशीनच बिघडलेलं दिसतंय!

"पाच मिनिटं पाठ टेकून गप बस, हात छातीच्या लेव्हलला ठेव आणि परत बघ," बाबा म्हणाले. बघितलं. १४८/९४. रविवारी सकाळी चहाच्या आधी, १४६/९४. १४०/९० च्या पुढे प्रकरण जातं एवढं मलाही ठाऊक होतं.

पण मला काहीच होत नाहीये हो! डोकं दुखत नाही, चक्कर नाही. वय ३४. एरर नाही, लॉग नाही, सर्व्हर मस्त चालू, आणि एक दिवस सरळ क्रॅश... असले बग सगळ्यात वाईट. आमचे आजोबा असेच गेले. लक्ष्मी-विष्णू मिलमधे कामाला, रोज पायी जायचे. ५८ व्या वर्षी अर्धांगवायू झाला, तोपर्यंत बीपी कधी मोजलंच नव्हतं.

गल्लीतल्या डॉक्टरकाकांना म्हटलं, "आयटीतलं टेन्शन, दुसरं काय!" ते हसले. "टेन्शनचा वाटा असेल की. पण बाकीचं सांग." मग एकेक विचारत गेले. दिवसाला किती चालतोस? (पार्किंग ते लिफ्ट.) झोप? (पाच तास.) लग्नानंतर वजन? (अकरा किलो, वरच्या दिशेने.) सिगारेट? (रिलीज असेल तेव्हाच. रिलीज दर पंधरा दिवसांनी.) मीठ?

इथे अडलो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चमचा, तोही सगळं धरून. माझ्या डेस्कवर आईच्या शेंगाचटणीचा डबा असतो. शेंगांचा दोष नाही, पण भाकरीबरोबर खायची चटणी मी कोड कंपाईल होईपर्यंत नुसती चमच्याने खातो. शिवाय चिवडा, लोणचं, रात्रीचे इन्स्टंट नूडल्स.

तेव्हा कळलं की 'टेन्शन' हे उत्तर मला का आवडतं. त्यात चूक मॅनेजरची असते! आजोबा-बाबांकडून आलेलं तेवढं रीड-ओन्ली आहे. बाकीच्या सगळ्या फाईल माझ्याच नावावर.

डॉक्टरकाकांनी लगेच गोळी दिली नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून आण म्हणाले, मग ठरवू. स्टेशनवर सोडायला आलेले बाबा एवढंच बोलले, "माझ्या बापाला कुणी सांगितलं नव्हतं. तुला मशीन सांगतंय."

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. तुमच्या क्युबिकलच्या रांगेत मोजून बघा.

असो. आईने ह्या वेळी चटणीचा छोटा डबा दिलाय. मशीन सोलापूरलाच राहिलं, म्हणून इथे दुसरं घेतलं. आज सकाळी १४४/९२. अजून तीन दिवस मोजायचेत. आता चालायला निघतो.