लॅपटॉपची हजेरी

आमचा लॅपटॉप बिघडलाय म्हणावं तर तो सुरू होतो. सुरू होतो म्हणावं तर नेमका चाचणीची प्रश्नपत्रिका छापायच्या दिवशी रुसतो. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा घरघरतो, पडदा मात्र काळाच. चार वेळा बंद-चालू केल्यावर पाचव्यांदा काही झालंच नाही अशा थाटात उघडतो.

"नवा घ्या की," घरात सगळ्यांनी सांगून झालं. पण जीव अडकला होता तो आतल्या फाइलींत. आम्ही साताऱ्यात उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. ती जिथं अडखळतात त्या शब्दांची यादी गेली बारा वर्षं वाढवत आणली आहे. 'खाली बस' म्हटलं की पहिलीतलं पोर रिकामा बाक शोधतं, कारण त्याच्या घरी 'खाली' म्हणजे रिकामं. मराठीत राजीनामा दिला की नोकरी सुटते, उर्दूत राजीनामा झाला की भांडण मिटतं. असे सातशेवर शब्द, सगळे जुन्या इनपेजमध्ये. या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नसतात, त्यामुळे वर्डमध्ये किंवा फोनवर उघडल्या तर अक्षरांऐवजी भलत्याच चिन्हांचा काला दिसतो. आणि प्रत? मुलांना रोज 'वही जपा' म्हणून सांगणाऱ्या आम्ही एकही काढून ठेवली नव्हती.

दुकानदारानं दोन मिनिटांत निकाल दिला, "मदरबोर्ड गेला, सर." आम्हालाही पटलं असतं. पण शनिवारी एसटीनं सांगलीला घरी नेला की हाच लॅपटॉप पहिल्या दाबाला चालू! अब्बा हसून म्हणाले, "इसकू सातारे का पानी नै भाता." मदरबोर्ड गेला असता तर सांगलीतही गेलाच असता ना?

मग आम्ही आम्हाला येतं तेच केलं. वर्गात एखादं मूल अधूनमधून गैरहजर राहतं तेव्हा रागवण्याआधी हजेरीपट बघायचा असतो. किती दिवस, यापेक्षा कोणते दिवस, हे महत्त्वाचं. एक शंभर पानी वही घेतली. तारीख, वेळ, चार्जर लावलेला की काढलेला, पडदा आला की नाही. तीन आठवडे नेमानं लिहिलं.

सात वेळा रुसला होता. सातही वेळा साताऱ्यात, डिसेंबरच्या थंडीत, फजरनंतर लगेच. दुपारी एकदाही नाही. सांगलीत आम्ही तो दुपारीच उघडत होतो! पाण्याचा काही दोष नव्हता. शिवाय रात्रभर चार्जर काढून ठेवला की सकाळी घड्याळ कित्येक वर्षं मागं गेलेलं. म्हणजे दुखणी दोन होती, आणि आम्ही एकच समजून उपचार करत होतो. चार्जर आणि बॅटरी काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, हा उपाय कुणीतरी सांगितला होता. त्यानं कधी गुण यायचा, कधी नाही. बहुधा तेवढ्या खटपटीत यंत्र जरा ऊब धरत असावं आणि श्रेय उपायाला जात असावं.

रविवारी सांगलीत, चालू झाल्या झाल्या, सगळं दोन पेनड्राइव्हवर उतरवलं. पानांच्या पीडीएफही केल्या. त्यात दुरुस्ती करता येत नाही, पण कुठंही वाचता येतात. मगच आयटीआय झालेल्या भाच्यानं बॅटरी काढून मागचं झाकण उघडलं. रॅमच्या दोन पट्ट्या निघाल्या. सोनेरी असायला हवेत ते दाते मळकट काळे पडले होते. यंत्र गार असलं की तिथला स्पर्श नीट होत नसावा. दाते आमच्याच खोडरबरानं हलक्या हातानं घासले, चुरा ब्रशनं झाडला, पट्ट्या खट आवाज येईपर्यंत बसवल्या. घड्याळ सांभाळणारी नाण्याएवढी बॅटरी, सीआर 2032, असायला हवी 3 व्होल्टची. भाच्याच्या मीटरवर 2सुद्धा भरेना. तीही बदलली. खर्च झाला तो या बॅटरीचा आणि भाच्याच्या भेळेचा.

एक पेनड्राइव्ह साताऱ्यात ठेवला, दुसरा सांगलीतच अम्मींच्या कपाटात. अम्मींनी न सांगता तो सगळ्यात वरच्या खणात ठेवला. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 57 फुटांवर गेलं. तेव्हा आमच्या घरातले खालचे दोन खण पाण्यात होते. त्यात आमचं बीएडचं प्रमाणपत्र होतं. ते अम्मींनी पंख्याखाली चार दिवस वाळवलं. शिक्का अजून निळाभोर पसरलेला आहे.

सोमवारी साताऱ्यात फजरनंतर हात चोळत बटण दाबलं. पडदा उजळला, तारीखही बरोबर. त्याला आता अकरा दिवस झाले, अकराही दिवस हजर. वही अजून बंद केलेली नाही. काल यादीत 'गरज' घातला. मराठीत ती कुणालाही असते, उर्दूत 'गरजी' म्हटलं तर माणूस रागावतो. फाइल बंद करण्याआधी पेनड्राइव्ह लावला.