वायूचें रूप

परवां स्वयंपाकघरांत गॅस गळत असतां आम्ही शेजारींच पोथी वाचीत बसलों होतों, चि. सौ. सूनबाई धांवत आल्या म्हणून अनर्थ टळला. मूळच्या निर्गंध वायूंत मुद्दाम मिसळलेली दुर्गंधीहि आमच्या वृद्ध नाकास कळली नाहीं!

तर्कशास्त्र वायूस रूपरहित म्हणतें. परंतु आमच्या पांढरकवड्याशेजारीं वणीकडे आहेत तशा कोळशाच्या खाणींतून निघणारा गंधहीन मिथेन लेसरच्या किरणास सांपडतो. १.६५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अदृश्य किरण तो शोषून घेतो; किरण किती क्षीण झाला यावरून दहा लक्ष भागांतील एखाद-दुसरा भागहि मोजतां येतो. हवेंत ५ टक्के मिथेन झाला कीं ठिणगी पुरे.

घरांत गॅस-सूचक यंत्र नको, असें आम्हींच म्हटलें होतें. आतां होकार दिला आहे. इंद्रियें थकतात, तें कबूल न करण्यांतच धोका.