पलंग ते संडास

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला की घरोघरी कूलर रात्रभर चालतो. खुब्याचं हाड मोडल्यावर पुन्हा चालायला शिकणाऱ्या आजोबांच्या घरी गेलेली फिजिओथेरपिस्ट त्यांच्या पायांआधी हा कूलर बघते. वायर दारातून आडवी गेलीय का? टाकीतलं पाणी फरशीवर झिरपतंय का? मग विचारते, "रात्री लघवीला किती वेळा उठता?"

हा प्रश्न फार मोलाचा. व्यायामाच्या हॉलमध्ये धरायला दांड्या असतात, शेजारी माणूस असतो. धोका असतो तो पहाटे, पलंग ते संडास एवढ्याशा वाटेवर. "पोरगा आत्ताच झोपला, त्याले कायले उठवू?" म्हणत आजोबा एकटेच उठतात आणि वॉकर कोपऱ्यातच राहतो. दवाखान्यातही हेच होतं, म्हणून वॉर्डातल्या मावशींनी ठरल्या वेळी आपणहून "जायचं का?" विचारणं हा उपचाराचाच भाग आहे. मागायची भीड पडणाऱ्याला मागावंच लागू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. त्यांत साठी ओलांडलेले सर्वाधिक.

तोल जोखायची १९९१ मधली एक साधी चाचणी आजही वापरात आहे: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर जपायला हवं. पण जाणत्या थेरपिस्टचं लक्ष घड्याळापेक्षा वळण्याकडे असतं. आजोबा एका दमात वळतात, की जागच्या जागी सात-आठ तोकडी पावलं टाकतात?

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. पाणी कमी पोटात जातं, बीपीच्या गोळ्या चालू असतात. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा बीपी २० ने उतरला तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. म्हणून आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून काठावर बसायचं, घोटे हलवायचे, मगच उठायचं.

घरचे मायेनं म्हणतात, "बसून राहा, पडाल." हा सल्ला चुकीचा आहे. बसून मांड्यांतली ताकद जाते, आणि पडण्याचा धोका वाढतो.

संडासात तोल गेला की हात टॉवेलच्या रॉडकडे जातो. तो माणसाचं वजन पेलत नाही. भिंतीत पक्की बसवलेली दांडी लावून घ्या, आजोबा दवाखान्यातून घरी यायच्या आधी.