कोथळी

यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव, उमरखेड या तालुक्यांत बंजाऱ्यांचे तांडे आहेत. तांडा म्हणजे पूर्वी बैलांचा चालता काफिला. आता ते वस्तीचे नाव आहे.

बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य जात असे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मिठाच्या गोण्या वाघिणींत चढल्या. बैलाच्या कपाळावर कवड्यांची पट्टी असे, पाठीवर भरतकामाची झूल. झूल आता पोळ्याच्या आधी दुकानातून येते. ती सॅटिनची असते.

मुलीच्या हातात लहानपणीच सुई येई. लग्नात द्यायच्या-घ्यायच्या वस्तू ती स्वतः शिवी. आई टाका दाखवी. चुकलेला टाका उसवून पुन्हा घालावा लागे. आता त्या वयाच्या मुली आश्रमशाळेत असतात.

कापड जाडेभरडे, हातमागाचे असे. लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढीत. वऱ्हाडात त्याची लागवड होती. १८६९ नंतर जर्मनीतल्या कारखान्यांतला तांबडा रंग बाजारात आला. आल शेतांतून गेली.

जुना आरसा काचेच्या फुगवलेल्या गोळ्यातून कापलेला असे. त्याला किंचित बाक असे. तो चिकटवीत नसत. आधी त्याच्यावरून उभे-आडवे टाके घालीत, मग त्या टाक्यांना धरून कडेने गोल शिवण. काच दोऱ्याच्या कड्यात बसे. नव्या कापडावर प्लास्टिकच्या चकत्या असतात. त्या डिंकाने बसवतात. दोन धुण्यांत निघतात.

काचळी म्हणजे चोळी. तिची पाठ उघडी असते आणि ती नाड्यांनी बांधतात. फेटिया म्हणजे घागरा. त्याचा घेर मोठा असतो. दोन्ही आता म्हाताऱ्यांच्या अंगावर दिसतात. सुना साडी नेसतात. नाती ड्रेस घालतात. संत सेवालाल महाराजांच्या जयंतीला मुली नाचासाठी काचळी-फेटिया घालतात. तो जोड भाड्याने मिळतो. त्याला मागे चेन असते.

दंडात हस्तिदंती चुडा असे. १९८६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. हाडाच्या आणि शिंगाच्या बलिया म्हणजे बांगड्याही होत्या. आताच्या प्लास्टिकच्या आहेत.

राजाछाप रुपयांना कडी डाखून गळ्यातला हार करीत. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. पुढे पावल्या आणि अधेल्या ओवल्या गेल्या. पावली ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहे. चांदीचे रुपये सोनाराकडे वजनावर गेले.

पाण्याच्या घागरीखाली कवड्यांची चुंबळ असे. तिच्या मागे भरतकामाचा चौकोन पाठीवर लोंबे.  नवरी ही जोडी सासरी नेई. तांड्यात नळ आले. टँकर येतो तेथे प्लास्टिकचे ड्रम रांगेत असतात. ड्रमला चुंबळ लागत नाही.

नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहून हवेली गाई. ती गाऊन झाली की माहेर सुटे. आता दाराशी चारचाकी उभी असते. तिची फुले फुलवाला लावतो.

श्रावणात तांड्यातल्या कुमारिका टोपलीत गहू पेरतात. ती तीज. तिचे कोवळे अंकुर मोठ्यांच्या पागोट्यात खोचीत. तीज अजून होते. पागोटी थोडी राहिली आहेत.

टोपली बांबूची असे. जिल्ह्याच्या पूर्वेला केळापूर, झरी जामणी, मारेगाव या तालुक्यांत कोलामांचे पोड म्हणजे वस्त्या आहेत. टोपली, सूप आणि तट्टे ही कोलामांच्या हातची कामे. आठवडी बाजारात आता सूप प्लास्टिकचे मिळते. ते लाल आणि निळ्या रंगात असते. कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आहे.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सुगीनंतरच्या त्याच महिन्यांत शिवणकाम होत असे. तेथे कोपीत दिवा संध्याकाळी लवकर विझतो. तोडीला पहाटे निघायचे असते.

कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी म्हणजे बंजारा भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथे ते पिशव्या, उशांचे अभ्रे आणि पाकिटांवर होते. घेणारे शहरातले असतात. शिवणारी आणि घेणारी यांची भेट होत नाही.

दिग्रसच्या पलीकडे वाशीम जिल्ह्यात पोहरादेवी हे बंजाऱ्यांचे तीर्थस्थान आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. इमारत नगाऱ्यासारखी आहे. चार मजले आहेत.

कोथळी सोयरीक जुळताना लागे. कापडाचा एक चौकोन घेत. तीन कोपरे मध्याकडे दुमडून शिवीत. चौथा झाकण म्हणून मोकळा ठेवीत. टोकाला गोंडा असे. आत सुपारी आणि रुपया घालून ती देत. गूळ वाटीत. आता पाकीट देतात. ते छापील असते. त्यावर एक रुपयाचे नाणे चिकटवून येते.

पुसद तालुक्यातल्या एका घरात पत्र्याच्या पेटीत एक कोथळी आहे. लाल विटून विटकरी झाला आहे. आतल्या घडीत मूळचा लाल दिसतो. मधला आरसा तडकला आहे, पण टाक्यांत पक्का आहे. आत रेशनकार्ड आहे आणि मुकादमाकडून घेतलेल्या उचलीची चिठ्ठी. कडेला कवड्या शिवलेल्या आहेत. कवड्या अकरा आहेत. दोऱ्याच्या गाठी चोवीस आहेत.