काशीतील हजेरी

संगीत, चित्रे, नृत्य हे भरल्या खिशाचे शौक आहेत, अशी समजूत करून घेऊन आमच्यासारखी मध्यमवर्गीय माणसे पुष्कळदा मन मारतात. मी स्वतःचेच मारले असते तर गोष्ट वेगळी. मी आईचेही मारले. लग्नापूर्वी ती गाणे शिकत असे. संसारात तिची पेटी माळ्यावर गेली. मैफलीच्या तिकिटाचा विषय निघाला, की मी म्हणे, "पुढच्या वर्षी नक्की." ती म्हणे, "अरे, रेडिओ आहे की घरात!"

गेल्या माघात डॉक्टरांनी सांगितले, की तिचे ऐकणे आता हळूहळू कमीच होत जाईल. त्या दिवशी 'पुढचे वर्ष' हा शब्द माझ्या तोंडून निघेना.

काशीच्या संकटमोचन मंदिरातील संगीत समारोहाला तिकीट नसते, हे मला ठाऊक होते. 1923 साली सुरू झालेला हा समारोह चैत्री पौर्णिमेच्या सुमारास भरतो. महानगरी एक्स्प्रेसचा साधा डबा आणि धर्मशाळेतील खोली एवढ्या बेताने आम्ही दोघे निघालो.

काशीत कलेसाठी पैशापेक्षा पायपीट अधिक लागते. अस्सी घाटावर 2014 पासून रोज पहाटे आरतीबरोबर गायन-वादन होते. तेथे पायरीवर बसावे. मग उन्हे चढण्यापूर्वी घाटांवरून चालू लागावे. अहल्याबाई, भोसले, शिंदे ही नावे वाचताना मराठी माणसाला परके वाटत नाही. पंचगंगा घाटाजवळ बालाजीच्या देवळापाशी आई थांबली. येथेच बिस्मिल्ला खाँसाहेबांनी वर्षानुवर्षे रियाज केला. तिने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. दुपारी हिंदू विश्वविद्यालयातील भारत कला भवन पाहिले. राय कृष्णदासांनी 1920 साली उभारलेल्या या संग्रहातील लघुचित्रांपुढे आई चष्मा पुसत उभी राहिली. कलेसाठी आम्ही काढलेले तिकीट हे एवढेच.

रात्री मंदिराच्या आवारात जमिनीवर चादर अंथरून बसलो. शेजारी एक वृद्ध बनारसी गृहस्थ होते. "येथे कलावंत मैफल करीत नाहीत, हनुमानापुढे हजेरी लावतात, आणि आपणही," ते म्हणाले. गाणे रंगले. "नीट ऐकू येतंय ना?" मी आईच्या कानाशी लागून विचारले. तिने उत्तर दिले नाही. तिची बोटे मांडीवर ताल मोजत होती, आणि सम आली तेव्हा तिचा हात माझ्या हातावर अचूक पडला. पहाटे भैरवी झाली, तरी ती उठेना.

परतीच्या गाडीत मी हिशेब मांडला. खर्च झाला तो गाडीभाडे, खोली आणि जेवणखाण यांवर. एवढे पैसे घरात मागेही कितीदा होते; नव्हती ती माझी तयारी. काटकसर हा गृहस्थाचा गुण खराच. पण तिच्या नावाखाली घरातल्या माणसाची आवड पुढे ढकलीत राहणे, ही काटकसर नव्हे.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी माळ्यावरून पेटी खाली काढली. भात्याला भोके पडली होती. आई म्हणाली, "दुरुस्तीला पैसे पडतील हो!"

"पडू देत," मी म्हणालो.