अडुळशाच्या फांद्या धाडण्याआधी

दापोली, २८ मे

चि. सौ. मुग्धास आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाचवा महिना लागला आणि उलट्या थांबल्या, हे वाचून जीव भांड्यात पडला. अंगणात लावायला अडुळशाच्या फांद्या मागितल्यास, त्या पाऊस सुरू झाला की दादाबरोबर धाडते. पण खोकल्यावर सासूबाई अडुळशाचा काढा देणार आहेत, असं लिहिलंस, तो मात्र घेऊ नकोस. अडुळशानं गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदरपणात तो वर्ज्य. सासूबाई मायेनंच देताहेत, तेव्हा त्यांना हे पत्रच वाचायला दे. खोकला डॉक्टरीणबाईंना दाखव.

झाडपाल्यानं अपाय होत नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. अडुळशाच्या पानात व्हॅसिसिन नावाचं द्रव्य असतं. त्यावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं. खोकल्याच्या बाटल्यांवर हे नाव तू वाचलं असशील. घट्ट कफ पातळ करून सोडवणं हे त्याचं काम. इतका गुण ज्या पानात आहे ते कुणाला द्यायचं, किती आणि किती दिवस, हे विचारायलाच हवं.

लावायला मात्र याच्याइतकं सोपं झाड नाही. फांदी फार कोवळी नको, फार जूनही नको. तीन-चार पेरांची कांडी घे, दोन पेरं मातीत जाऊ देत आणि डोळे वरच्या बाजूला राहू देत. पाणी साचलं तर कांडी कुजते, तेव्हा जागा उंचवट्याची बघ. पान कडू असल्यामुळे शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून इकडे कुंपणालाही तो लावतात. वाढू दिलास तर डोक्यावर जाईल. छाटत राहिलीस की खालून फुटतो आणि पाला हाताशी राहतो. पांढऱ्या फुलांत जांभळट रेघा असतात. मधमाश्या त्यांवर तुटून पडतात, म्हणून फुलोरा छाटू नकोस.

पान नुसतं ठेचून पिळलं तर रस सहजी सुटत नाही. जुन्या पद्धतीत लगदा केळीच्या पानात बांधून, वर ओल्या मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजत आणि गरम असतानाच फडक्यातून पिळत. याला पुटपाक म्हणतात. तुझ्या स्वयंपाकघरात पानं चाळणीत वाफवलीस तरी भागेल. रस मधातून देतात, पण जाऊबाईंच्या तान्ह्याला मधाचं बोटसुद्धा लावू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा.

तुझ्यापुरतं एवढं पाळ: बाळंतपणानंतरही, अंगावर पाजतेस तोवर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अडुळसा घेऊ नकोस.

तुझी,
आत्या