फिलाडेल्फियाच्या गल्ल्यांतून

जुनें शहर पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मार्गदर्शकाच्या पाठोपाठ घाईनें फिरण्याचा. आणि दुसरा, हातीं नकाशा व खांद्याला कॅमेरा घेऊन गल्लीबोळांतून एकट्यानें सावकाश हिंडण्याचा. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मुलगी व जांवई यांच्याकडे फिलाडेल्फियास तीन महिने राहण्याचा योग आला, तेव्हां मीं दुसरा मार्ग पत्करला. अमेरिका म्हणजे गगनचुंबी इमारतींचा देश, तेथें जुनें तें काय असणार, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, हें वाचकांनीं पुढील हकीकतीवरून ठरवावें.

या शहराचा पाया विल्यम पेन या क्वेकरपंथी गृहस्थानें १६८२ सालीं घातला. लंडनांतील १६६५ ची महामारी व १६६६ चा अग्निप्रलय त्याला पुरतीं ठाऊक होतीं. म्हणून डेलावेअर व स्कूलकिल या दोन नद्यांच्या मध्यें त्यानें टॉमस होम या मोजणीदाराकडून बुद्धिबळाच्या पटासारखें शहर आंखविलें. रस्ते रुंद व सरळ, पांच मोकळे चौक, आणि प्रत्येक घराभोंवतीं बाग, असा त्याचा संकल्प होता. उत्तर-दक्षिण रस्त्यांना आंकडे व पूर्व-पश्चिम रस्त्यांना चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन अशीं झाडांचीं नांवें असल्यामुळें नवख्या माणसासही येथें सहसा वाट चुकत नाहीं. परंतु मनुष्यस्वभाव नकाशाला जुमानीत नाहीं. व्यापार डेलावेअरच्या धक्क्यावर, म्हणून वस्तीही धक्क्याजवळच दाटली. पेनच्या प्रशस्त चौकटी चिरून लोकांनीं मधून बोळ काढले आणि बागांच्या जागीं भिंतीला भिंत लावून घरें बांधलीं. जुन्या शहराची ओळख करून घ्यावयाची तर या बोळांतच शिरलें पाहिजे.

एल्फ्रेथ्स ॲली ही अठराव्या शतकाच्या आरंभींची अशीच एक गल्ली. एका लोहाराचें नांव तिला मिळालें आहे. दुतर्फा मिळून ३२ घरें. सर्वांत जुनीं १७२० नंतरच्या दशकांतलीं, तर शेवटचीं १८३६ च्या सुमाराचीं. जहाजांचे सुतार, कथलाचीं भांडीं करणारे कारागीर, कपडे शिवणाऱ्या बायका अशी कष्टाळू मंडळी येथें राहत असत. १९३४ सालीं यांपैकीं कांहीं घरें पाडलीं जाण्याचा प्रसंग आला, तेव्हां मंडळ स्थापन होऊन गल्ली वांचविण्यांत आली. आजही येथें कुटुंबें नांदतात. आसपासच्या बोळांत ‘ट्रिनिटी’ या नांवाचीं घरें आढळतात. प्रत्येक मजल्यावर एकच खोली, अशा एकावर एक तीन खोल्या, आणि कोपऱ्यांत वळणावळणाचा अरुंद जिना. पिता, पुत्र व पवित्र आत्मा या ख्रिस्ती कल्पनेवरून हें नांव पडलें. तीन खोल्यांत सगळा संसार, हें ऐकून आपल्याकडील गृहिणींस नवल वाटण्याचें कारण नाहीं!

या घरांच्या भिंती वाचावयास शिकलें पाहिजे. पुष्कळ जुन्या भिंतींत एक वीट लांबीनें तर शेजारची टोंकानें बसविलेली असते, आणि टोंकाच्या विटा भट्टींत काळसर चकाकी आलेल्या अशा निवडलेल्या असतात. त्यामुळें तांबड्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांची आपोआप नक्षी उठते. कांहीं घरांच्या दर्शनी भागावर एकमेकांत गुंफलेल्या चार हातांची मुद्रा दिसते. बेंजामिन फ्रँकलिन प्रभृतींनीं १७५२ मध्यें स्थापिलेल्या आगीच्या विमामंडळीची ती खूण. पुढें या मंडळीनें दारापुढें झाडें असलेल्या घरांचा विमा नाकारला. तेव्हां १७८४ सालीं दुसरी मंडळी निघाली व तिनें आपली मुद्राच हिरव्या झाडाची केली. एका लोखंडी पट्टीवर केवढा इतिहास!

हौशी छायाचित्रकारांसाठीं दोन अनुभवाच्या गोष्टी सांगतों. मध्यान्हींचें ऊन भिंत सपाट करून टाकतें. विटांचे सांधे व खिडक्यांच्या कडा उठून दिसावयास सकाळचें किंवा सायंकाळचें तिरपें ऊन हवें. आणि बोळ अरुंद असल्यामुळें कॅमेरा वर करण्याचा मोह होतो. तसें केल्यास भिंती मागें कललेल्या दिसतात. शक्य तितकें मागें सरून कॅमेरा सरळ धरावा.

पेनच्या पांच चौकांपैकीं मधल्यावर आतां नगरभवन उभें आहे. त्याचें बांधकाम १८७१ पासून १९०१ पर्यंत चाललें. ५४८ फूट उंचीच्या या दगडी इमारतीच्या माथ्यावर पेनचा ३७ फुटी पुतळा आहे. त्याच्या टोपीहून उंच इमारत बांधावयाची नाहीं, असा अलिखित संकेत या शहरानें १९८७ पर्यंत पाळला.

मात्र सर्वच जुन्या वास्तूंच्या वांट्यास असा आदर आला नाहीं. फ्रँक फर्नेस या थोर स्थपतीनें चेस्टनट रस्त्यावर बांधलेली प्रॉव्हिडंट पेढीची इमारत १९६० च्या सुमारास पाडण्यांत आली. अठराव्या शतकाचा अभिमान बाळगणाऱ्या त्या काळाला एकोणिसाव्या शतकाचें कौतुक नव्हतें. आज ती पेढी केवळ छायाचित्रांत राहिली आहे.

याहून अवघड प्रश्न सोसायटी हिल या वस्तीचा. १९५० नंतर सरकारी योजनेनें येथील जीर्ण घरांचा उद्धार झाला. १९६४ मध्यें आय. एम. पेई यांचे तीन उंच मनोरेही उभे राहिले. काम देखणें झालें यांत संशय नाहीं. परंतु येथें राहणाऱ्या अनेक गरीब व कृष्णवर्णी कुटुंबांना या सुधारणेंत बिऱ्हाड हलवावें लागलें. लाँबर्ड रस्त्यावर मी एका दरवाजाचें चित्र घेत असतां एक वृद्ध कृष्णवर्णी गृहस्थ थांबले. त्यांचें बालपण याच वस्तींत गेलें होतें. मीं घरांची स्तुति केली, तेव्हां ते शांतपणें म्हणाले, “घर वांचलें, आम्ही मात्र उठलों.” या वाक्यावर मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं. त्याच रस्त्यावर रिचर्ड ॲलन यांनीं १७९४ सालीं स्थापिलेलें मदर बेथेल हें कृष्णवर्णीयांचें प्रार्थनामंदिर अद्याप आपल्या मूळ जागेवर आहे. जवळच्या साउथ रस्त्यावरून जावयाचा मोठा मोटाररस्ता रहिवाश्यांनीं नेटानें विरोध करून १९७० नंतरच्या दशकांत रद्द करविला, हेंही सांगितलें पाहिजे.

संस्कृतांत ‘वास्तु’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणें या धातूपासून आला आहे. राहणारा गेल्यावर उरते ती विटांची रचना. तिला वास्तु म्हणावें काय? अमेरिकेच्या सरकारनें १९३३ मध्यें जुन्या इमारतींचीं छायाचित्रें व मोजमापें करून ठेवण्याचा उपक्रम सुरू केला, तो खचित स्तुत्य होय. पण भिंतींबरोबर माणसेंही टिपलीं पाहिजेत. याच शहरांत १८३९ सालीं जोसेफ सॅक्स्टन यानें एका शाळेच्या इमारतीचें चित्र घेतलें, आणि त्याच वर्षीं रॉबर्ट कॉर्नेलियस यानें दुकानामागील अंगणांत स्वतःचेंच. अमेरिकेंतील आरंभींच्या छायाचित्रांपैकीं हीं दोन. एक वास्तूचें, दुसरें माणसाचें. दोन्ही जपलीं गेलीं, हें त्या शहराचें भाग्य.

आपल्याकडील वाचकांस या शहरचें आणखी एक चित्र परिचित असेल. १८८५ च्या आक्टोबरांत येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील तीन विद्यार्थिनी एकत्र बसल्या: जपानच्या केइ ओकामी, सीरियाच्या सबात इस्लांबुली, आणि आपल्या आनंदीबाई जोशी. पुढच्याच वर्षीं, ११ मार्च १८८६ रोजीं, आनंदीबाईंना वैद्यकीची पदवी मिळाली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत त्यांचा अंत झाला. महाविद्यालयानेंही १९३० च्या सुमारास आपली जुनी जागा सोडली. पण साडींतील त्या धीट मुलीची नजर कागदावर जशीच्या तशी आहे. म्हणून हातीं कॅमेरा असलेल्या तरुण वाचकांस माझें एवढेंच सांगणें आहे कीं, जुन्या घराचें चित्र जरूर घ्या. परंतु घरचें माणूस दारांत येईपर्यंत थोडा वेळ थांबा, आणि त्याची परवानगी विचारून त्यालाही चित्रांत घ्या.